दोष कापसाचा नव्हता

अकोटला आमच्या घरासमोर एका पिंजारी चाचांचं दुकान होतं. ते गाद्या-रजया भरून द्यायचे. कापसाचे भाव पडल्यानं त्या वर्षांत कुणाच्या हातात पैसा नव्हता; नवी गादी कुणी करेना, सगळे जुनीच उसवून पिंजून घ्यायचे. त्यामुळे चाचांना उसंत नसायची. मी अकोल्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला होते, रोज एसटीनं जायचे.

दिवाळीच्या सुमारास चाचांना धाप लागू लागली. चार हात मारले की भिंतीला टेकायचे. चाचींनी निदान करून टाकलं होतं. "चाळीस साल कापूस खाल्ला या मानसानं. आता छातीतच गादी भरली." गावातल्या डॉक्टरांनाही तसंच वाटलं. त्यांनी दम्याचा पंप दिला. उतार पडेना, उलट पाय सुजले. चाची दुकानच बंद करायला निघाल्या, तसे चाचा रुसले आणि जेवेनात.

मग मीच दोघांना अकोल्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी चाचांच्या घोट्यावर बोट दाबलं. खळगा तसाच राहिला.

"फुफ्फुस की हृदय, ते आधी रक्ताला विचारू," ते म्हणाले.

ही तपासणी आमच्या लॅबमध्ये नुकतीच आली होती. हृदयावर ताण आला की ते रक्तात एक द्रव्य जास्त सोडतं, ते मोजायचं. चाचांचं रक्त मीच घेतलं.

"माहं दिल मले काही सांगत नाही," चाचा म्हणाले, "तुले काय सांगन, बेटा?"

त्यानं सांगितलं. आकडा इतका वर गेला की मी तपासणी पुन्हा लावली. तोच आला. दुपारी हृदयाची सोनोग्राफी झाली, आणि त्याचं पंपिंग कमी झाल्याचं पक्कं झालं.

डॉक्टरांनी सगळं समजावलं. चाचांनी एवढंच विचारलं, "म्हंजे कापसाचा दोष नाही?"

"नाही."

"आन मले पंप भलत्याच जागेचा देऊन राहिले होते!" ते चाचींकडे वळले. "ऐकलं? काहून कापसाले नावं ठेवत होती?" आणि धाप लागेपर्यंत हसले. डॉक्टर रागावले. चाची पदरानं डोळे पुसत होत्या, पण हसू त्यांनाही आवरत नव्हतं.

गोळ्या सुरू झाल्या, मीठ कमी झालं. पिंजण्यासाठी यंत्र आलं, चाचा बसून टाके घालू लागले. पायांची सूज ओसरली. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं, तर आकडा चांगलाच उतरला होता. तो कागद मला अख्ख्या गल्लीत वाचून दाखवावा लागला.

उन्हाळ्यात दोघं अमरावतीला लेकीकडे राहायला गेले. आठवड्यानं तिचा फोन आला.

"अब्बा रोज सकाळी तलावापर्यंत चालत जाऊन राहिले. अम्मीच मागं राहते, आन रस्ताभर ओरडते, थांबा जरा!"