कोरं पाकीट

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. देवापुढे हात जोडते तेव्हाही या विषयाला बगल देते — जणू त्याला ठाऊकच नाही! आज तुमच्यापुढे बसलेय, तर सरळ सांगून मोकळं व्हावं ना? पण जीभ आधी इकडेतिकडेच फिरते.

कर्वेनगरात माझं औषधांचं दुकान आहे. परवाना माझ्या नावाचा, भिंतीवर फ्रेम करून लावलेला. काउंटरवर पाटी आहे : ‘डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय औषध मिळणार नाही. ओळख सांगू नये.’ लोक वाचून हसतात, कुणी नाकं मुरडतात. मुरडू देत. ही पाटी फार उशिरा लागली, एवढंच.

आधी आमच्याकडेही सगळीकडे चालतं तसंच चालायचं. कुणी गोळ्यांची रिकामी पट्टी पुढे करायचं, “ताई, हीच द्या,” आणि मी द्यायचे. पट्टीवर लाल रेघ असली की चिठ्ठी बघितल्याशिवाय औषध द्यायचं नाही, हे काय मला कुणी शिकवायला हवं होतं? पण रोजच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं कसं — आणि म्हटलं तर ते समोरच्या दुकानात जाणार.

दामले बाई अशाच रोजच्या. गणिताच्या निवृत्त शिक्षिका, एकट्या राहायच्या. मुलगी मेधा हडपसरला. बाई तोंडाने तिखट. “तुझ्या दुकानात पंखा दिसतोय, वारा कुठे ठेवलायस?” असं विचारायच्या. पण माझी लेक दहावीत गणिताला घाबरून रडायला लागली, तेव्हा तिला आपणहून घरी बोलावून शिकवलं ते त्यांनीच.

संधिवाताने बाईंची बोटं वाकडी झाली होती. डॉक्टरांनी त्यांना स्टेरॉइडची गोळी दिली — थोड्या दिवसांसाठी, मग कमी करत करत बंद करायची. गोळीने बाईंना इतकं बरं वाटलं, म्हणाल्या, “अगं, आता पुन्हा खडू धरेन मी!” चिठ्ठीची मुदत संपली. बाई रिकामी पट्टी घेऊन आल्या. मी दिली. पुढच्या महिन्यातही दिली. अशी वर्षं गेली हो — आणि एकदाही मी म्हटलं नाही की बाई, डॉक्टरांना दाखवून या.

बोटांमुळे त्यांना पट्टीतून गोळी काढता यायची नाही. म्हणून मी सगळ्या गोळ्या सोडवून छोट्या कागदी पाकिटात घालून द्यायचे. “पोटच्या पोरीला सुचलं नसतं ते तुला सुचलं,” असं म्हणायच्या, आणि मला गुदगुल्या व्हायच्या. पण त्या पाकिटावर औषधाचं नाव लिहायला काय झालं होतं? पेन तर खिशाला असायचं. नाही लिहिलं. कोऱ्या पाकिटावरून कुणाला ना औषध कळतं, ना दुकान — हे मला तेव्हाही ठाऊक होतं. वर बजावलंही, “बाई, कुणाला बोलू नका हं, मी अडचणीत येईन.”

“नाही बोलणार,” म्हणाल्या.

मग बाई न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात विचारलं तेव्हा त्यांनी फक्त बीपीच्या गोळीचं नाव सांगितलं. शब्दाला पक्की बाई! ऑपरेशन झालं, आणि नंतर त्या धड शुद्धीवरच येईनात.

मेधा दुकानात आली तेव्हा दुपार होती, मी शटर ओढायच्या बेतात. पोरीच्या पायात दोन वेगळ्या चपला होत्या. म्हणाली, आईचं बीपी सारखं खाली जातंय, डॉक्टर विचारतायत की आणखी काही औषध चालू होतं का. शेजारीण सांगते, आई सकाळी पाकिटातून एक पांढरी गोळी घ्यायची. घरात रिकामी पाकिटं सापडली, पण एकावरही नाव नाही. तुमच्याकडून काही नेत होती का हो?

रोज इतकी वर्षं घेतलेली ती गोळी एकदम बंद झाली तर शरीर कोसळतं — हे मला माहीत होतं. हे शिकूनच मी इथे बसलेय. एक नाव उच्चारायचं होतं. एक! पण त्याच आठवड्यात औषध निरीक्षकांनी पलीकडच्या गल्लीतल्या दुकानाचा परवाना रोखला होता. माझी नजर भिंतीवरच्या फ्रेमकडे गेली. बाईंकडे गेली नाही.

“बीपीची न्यायच्या,” मी म्हटलं, “आणि कॅल्शियमची. पांढरीच असते ती.”

तिने माझे आभार मानले आणि रिक्षा पकडली. मी शटर ओढलं, घरी गेले, जेवले. भात दुसऱ्यांदा वाढून घेतला — तेही आठवतं. दवाखान्याचा नंबर शोधायला कितीसा वेळ लागला असता? संध्याकाळभर फोन हाताशी होता. दुसऱ्या दिवशी बाई गेल्या.

वाचल्या असत्या का? ठाऊक नाही. पण हा प्रश्न मी स्वतःला विचारते तेव्हा त्याच्या आड लपायलाच विचारते, हेही मला कळतं.

पाटी नंतर लावली.

परवा मेधा आईच्या घराकडे आलेली, तशी दुकानात आली होती, मुलाच्या खोकल्याला अँटिबायोटिक मागायला. चिठ्ठी नव्हती. मी नाही म्हटलं. ती चिडली नाही. डोळे भरून आले तिचे. म्हणाली, डॉक्टरांना नंतर शंका आली होती की आई बहुतेक स्टेरॉइड घेत असणार. वारज्यात कोण एक सांधेदुखीवर पुड्या देणारा आहे म्हणे, त्यानेच दिलं असेल. मग माझा हात हातात घेतला.

“सगळे तुमच्यासारखे नियमाने चालणारे असते ना ताई, तर माझी आई आज असती.”

मी म्हटलं, “हो ना.”