निळ्या कागदावरचा बेल

दुष्काळाच्या तिसऱ्या वर्षी दिंद्रुडच्या महिला दूध संस्थेत दूधच येईनासं झालं. म्हशी चारा छावणीत गेल्या, कॅन पालथे पडले आणि त्या रिकाम्या खोलीत पुण्याच्या एक मॅडम बायांना उन्हावर चित्रं छापायला शिकवू लागल्या. भेटकार्डं करून विकायची, असा बेत. उद्घाटनाला तालुक्याचे पुढारी मोहनराव आले. “दूध आटलं, पण सहकार आटला न्हाई!” असं म्हणून ते टाळ्यांसाठी थांबले. बायांनी पदरानं वारा घेतला.

“अगदी सोप्पंय हं, मावशी!” मॅडम मान तिरकी करून सांगायच्या. “अंधारात कागदाला औषध फासायचं. वाळला की वर पान, पानावर काच, आणि दहा मिनिटं ऊन. मग भरपूर पाण्यात धुवायचं. पान पांढरं, बाकी सगळं निळ्ळंशार!”

“भरपूर म्हंजी किती, मॅडम?” केसरबाईनं विचारलं. “आठ दिसाला टँकर येतंय. धुवायचं का प्यायचं, तेवढं सांगा.”

सगळ्या खदखदल्या. शिवगंगा तेवढी हसली नाही. तिच्या डोळ्यांपुढं परसातला बेल उभा होता.

तो बेल तिच्या लेकीनं, महानंदानं, सातवीत असताना शाळेतून आणून लावलेला. महानंदा तापानं गेली त्याला तीन वर्षं झाली. तिचा फोटो म्हणाल तर ओळखपत्रावरचा, नखाएवढा, तोही पुसट. राहिलं होतं ते झाड. घरातलं अंघोळीचं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी बेलाला, असा नेम होता. तरी यंदा फांद्या वाळत गेल्या आणि एकाच डहाळीला पाच-सहा पानं उरली. तिचा नवरा मन्मथप्पा रोज पूजेत लिंगाला बेल वाहायचा. त्यानं तोडणं बंद केलं. वाहिलेलंच पान धुऊन तो दुसऱ्या दिवशी वाहायचा. “बेल शिळा होत न्हाई,” म्हणायचा.

शिवगंगाचे पहिले कागद वायाच गेले. एकदा औषध फासताना दार उघडं राहिलं. एकदा ‘झालं का बघू’ म्हणून तिनं काच उचलली, पान सरकलं आणि एका पानाच्या दोन सावल्या उमटल्या. “जुळं झालं की गं!” केसरबाई म्हणाली. शेवटच्या दिवशी मॅडमनी औषध लावलेला एकेक कागद काळ्या कपड्यात गुंडाळून दिला. “हा घरी करा. आता औषध संपलंय बरं का.”

घरी येऊन शिवगंगानं ती डहाळी तोडली.

“कावून तोडलीस?” मन्मथप्पा ओरडला.

“झाड जगतंय का? तुमीच सांगा.”

त्यानं वाळक्या फांदीवरून हात फिरवला.

“कागदावर तरी ऱ्हाईल,” ती म्हणाली.

उन्हाची काही कमी नव्हती. दहा मिनिटांत कागद राखाडी पडला. आता धुवायचं. घरात प्यायचा एक हंडा, तो चार दिवस पुरवायचा. बाजूला घमेल्यात भांडी घासलेलं पाणी होतं. राख तळाशी बसून वर निवळलेलं. कागद धुऊन हेच बेलाला घालू, म्हणजे थेंबही वाया नाही, असा तिनं हिशोब केला आणि कागद सोडला.

निळा रंग उमलला. मधोमध पांढरी डहाळी, पानं तीन-तीनच्या झुबक्यानं, काटासुद्धा उठलेला.

“अवं, या की! लवकर या!”

मन्मथप्पा उठून येईपर्यंत निळा फिकट पडू लागला होता. अजून धुतलं की उजळेल, असं वाटून तिनं कागद आणखी बुडवला, हलवला. निळा गेला. कागद पिवळट पडला आणि डहाळी त्यात विरून गेली.

ओला कागद घेऊन ती संस्थेत धावली. मॅडम बॅग भरत होत्या. त्यांनी कागद बोटांनी चाचपला.

“मावशी, पाण्यात राख होती?”

“भांड्याचं पाणी हुतं.”

“राखेनं हा निळा उतरतो. मी सांगायला हवं होतं हो.” पहिल्यांदाच त्या ‘सोप्पंय’ म्हणाल्या नाहीत. केसरबाई दारातच उभी होती. तिनं बाजूला होऊन शिवगंगाला वाट दिली.

घरी आली तेव्हा काचेखालची डहाळी उन्हानं सुरकुतली होती. मन्मथप्पानं तिचं एक पान खुडलं, हंड्यातल्या पळीभर पाण्यानं वाटीवर धरून धुतलं आणि लिंगाला वाहिलं.

“उद्या?” तिनं विचारलं.

“उद्या बी हेच.”

शिवगंगानं पिवळा कागद ट्रंकेत ओळखपत्राशेजारी ठेवला. मग वाटीतलं ते पळीभर पाणी परसात नेऊन बेलाच्या बुडाशी ओतलं. माती ओली झाल्याचंसुद्धा दिसलं नाही.