अंगठीचा दोरा

आई ओसरीवर वालाच्या शेंगा सोलत होती आणि मी तिचे हात रंगवत होते. चित्रातले हात कुणाचेही वाटत होते, म्हणून जवळ जाऊन पाहिलं. अंगठीला खालून पांढरा दोरा गुंडाळलेला होता.

“अंगठी सैल झाली?”

“वयानं बोटं वाळतात गं. तो दोरा चित्रात नको दाखवूस.”

मी दाखवला. तेवढ्यानं ते हात आईचे झाले, आणि मी हरखले.

पण बारकाईनं बघायची सवय चित्रापाशी थांबत नाही. आता मला तिच्या ताटातली अर्धी भाकरी दिसते, ब्लाउजला आतून घातलेली नवी टीप दिसते. डॉक्टरांचं नाव काढलं की ती हसते.

आज चित्र पुरं करायला तिच्यासमोर बसले. अंगठीचा दोरा चित्रातल्यापेक्षा जाड झाला होता.