ऐकून निवडलेलं मशीन

अकोल्यात डाबकी रोडला राहणारे जानराव ढोके हे लाद्या बसवणारे मिस्त्री. पण लोक त्यांना लाद्यांपेक्षा कानामुळे जास्त ओळखत. कान दिसायला काही विशेष नव्हते. उजव्यावर पेन्सिल आणि डाव्यावर अर्धी विडी ठेवायची सोय, याहून त्यांचा मोठा उपयोग असेल असं पाहणाऱ्याला वाटलं नसतं. परंतु भिंत फोडायचं हॅमर असो, ग्राइंडर असो की मार्बल कटर असो, नवं मशीन चालू करून त्या कानाशी नेलं की जानराव डोळे मिटत. डोळे उघडले की त्या मशीनचं पुढचं सगळं आयुष्य सांगून टाकत.

"हे घे. तुह्या पोरीच्या लग्नापर्यंत चालते."

नाहीतर तोंड वाकडं करून, "ठेव खाली. याच्या पोटात दुखून राहिलं."

मुलगी पाहायला जाताना घरचा एक जाणता माणूस सोबत न्यावा, तसं मशीन घ्यायला जाताना जानरावांना न्यायचं, अशी त्या धंद्यात रीतच पडून गेली होती. वरूडला संत्र्यांची गोदामं बांधणारा एक ठेकेदार तर अमरावतीची सगळी दुकानं मागे टाकून, एसटीत कंबर मोडून घेत अकोल्याला यायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "मशीन तिकडं बी भेटते, पन काकाजी अकोल्यातच भेटतात." जानराव या कामाचं काही घेत नसत. चहा घेत. भज्यांना पहिल्यांदा नाही म्हणत.

आणि नुसता कानच होता असंही नाही. दुकानात पाय ठेवण्याआधी ते गिऱ्हाइकाची उलटतपासणी घेत. काय फोडायचं आहे? वीट की स्लॅब? वाकून काम आहे की डोक्याच्या वर? शिडीवर कोण चढणार आहे? एकाला बाथरूमच्या नळासाठी दुकानातला सगळ्यात मोठा ब्रेकर हवा होता. जानराव त्याला म्हणाले, "नळ बसवाचा हाय का भिंत फोडून शेजाऱ्याकडं जेवाले जाचं हाय?" शिडीवर चढणाऱ्या किडकिडीत माणसासाठी ते हलकं मशीन निवडत. भोक पाडताना आत सळई लागली की मशीन अडकतं आणि हात फिरतो, म्हणून त्यांचा नियमच होता. आधी माणसाचं मनगट पाहायचं, मग मशीन.

मशीन कोणत्या जातीचं घ्यायचं हे असं बाहेरच ठरे. मग त्या जातीतलं नेमकं कोणतं घ्यायचं, हे कान ठरवी. त्यासाठी जागा एकच, जठारपेठेतलं धर्मेंद्रचं मशिनरीचं दुकान. धर्मेंद्र एकसारखी पाच मशीनं काउंटरवर मांडायचा आणि गर्दीवर ओरडायचा, "चूप बसा न बाप्पा, काकाजी ऐकून राहिले!" जानराव एकेक चालवून पाहत. पातं अडकवायचं तोंड, म्हणजे चकला, बोटानं हलवून पाहत, वायरच्या तोंडाशी नाक नेत, मग कान. शेवटी एकाच्या पाठीवर थाप मारत, "हे." धर्मेंद्र आत आवाज देई, "काकाजींचं मशीन पॅक करा रे!" दुकानातला माणूस ते आत घेऊन जाई आणि जानराव गिऱ्हाइकासोबत समोरच्या टपरीवर चहाला जात. परत येईपर्यंत डबा तयार असे.

धर्मेंद्र आणि जानराव यांचं नातं दुकानापुरतं नव्हतं. धर्मेंद्रच्या नव्या घराच्या लाद्या जानरावांनी बसवल्या होत्या. त्याच्या आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नेलं ते जानरावांनीच, कारण त्या दिवशी दुकानात माल उतरायचा होता. धर्मेंद्र सगळ्यांना सांगे, "मी मशीन विकतो, पन गॅरंटी काकाजींची हाय."

या गॅरंटीला एकदाच तडा गेला. परतवाड्याचा पिंटू, सेंटरिंगची कामं घेणारा. त्यानं जानरावांना सोबत घेऊन हॅमर नेलं आणि पहिल्याच मोठ्या कामावर ते जळलं. पिंटूनं फोन केला नाही, दुकानात आला नाही. तो भेटला परतवाड्याच्या एका लग्नात. पंगत बसलेली, जानराव पुरीचा तुकडा मोडत होते आणि पिंटू वाढणाऱ्यांच्या मधूनच ओरडला, "पाहा, कानवाले आले! यायच्या कानानं माहं मशीन जाळलं! यायले नवरदेवाजवळ नेऊ नका, त्याच्या पोटात काय दुखते ते सांगतील!"

सगळी पंगत हसली. जानरावही हसले, पंगतीत दुसरं करता काय येतं? पण त्यांनी ताट तसंच सोडलं.

अकोल्याला परतल्यावर ते कानाच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी मळाबरोबर मार्बलची इतकी भुकटी काढली, की तेवढ्यात एखादी पायरी बसवून झाली असती. "कान चांगले आहेत," डॉक्टर म्हणाले. जानरावांना वाटलं, म्हणजे चूक माझीच. ते धर्मेंद्रकडे गेले आणि म्हणाले, "मी आता येत नाही दुकानात. लोकायचं नुकसान होते माह्यानं." धर्मेंद्रनं त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं. म्हणाला, "एखादा पीस खराब निघतेच, काकाजी. तुमी मनाले लावून घेऊ नका." त्या दिवसापासून जानराव प्रत्येक मशीन दोन्ही कानांनी ऐकायला लागले, आधी उजव्यानं, मग डाव्यानं. माणूस आपल्यावर विश्वास टाकून येतो, त्याच्या हातात आपण वाईट वस्तू देता कामा नये. जानरावांची सगळी इज्जत एवढ्या एका गोष्टीत साठवलेली होती.

आता गंमत अशी, की लोकांसाठी एवढी मशीनं निवडणाऱ्या या माणसानं स्वतःसाठी कधी नवं हॅमर घेतलंच नव्हतं. एका ठेकेदारानं काम सोडताना दिलेलं जुनं हॅमर ते वर्षानुवर्षं चालवत आले. यंदा दसऱ्याच्या तोंडावर त्यानं धूर सोडला आणि मान टाकली. खंडेनवमीला हत्यारांची पूजा, आणि पाटावर ठेवायला नुसता थापी-ओळंबा? बायको, मनकर्णाबाई, म्हणाली, "आता आपलं घ्या. मी बी येते. जगाची मशीनं पाह्यता, आपलं मी पाह्यते."

नवमीच्या सकाळी दोघं दुकानात गेली. धर्मेंद्रनं पाच हॅमर मांडली. जानरावांनी त्या दिवशी जरा जास्तच वेळ लावला. मनकर्णाबाई श्वास रोखून पाहत होत्या. नवऱ्याचा हा सोहळा त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. शेवटी थाप पडली. "हे. आवाज पाह्य किती मोकळा हाय."

मनकर्णाबाईंनी पदराच्या गाठीतली कुंकवाची पुडी सोडली आणि मशीनच्या पाठीवर बोट टेकवलं. धर्मेंद्रही हात जोडून उभा राहिला. मग म्हणाला, "पॅक करा रे काकाजींचं मशीन!"

घरी आल्यावर पाट मांडला, झेंडूचा हार काढला आणि जानरावांनी डबा उघडला. मशीन पाटावर ठेवलं. मनकर्णाबाई हळदीचं बोट घेऊन वाकल्या आणि तशाच थांबल्या.

"अजी, माहं कुंकू कुठी गेलं?"

"पुसलं असंल पॅक करताना."

"कुंकू असं पुसून जाते? लाल डाग तरी राहीन न."

त्यांनी मशीन फिरवून फिरवून पाहिलं. वायरीला कारखान्यातली प्लॅस्टिकची पट्टी तशीच बांधलेली होती. सकाळी चालवून पाहिलेल्या मशीनची पट्टी पुन्हा कोण बांधतं? जानरावांनी ती कापली, पिन बोर्डात घातली आणि मशीन कानाशी नेलं. उजव्या, मग डाव्या.

"हे ते नोहे," ते म्हणाले. पूजा तशीच राहिली. डबा रिक्षात घालून ते परत जठारपेठेत गेले.

दुकानात मूर्तिजापूरच्या प्रतीक्षाताई बसलेल्या होत्या. तरुण ठेकेदारीण, नळ-पाइपाची कामं घेणाऱ्या. "बरं झालं काकाजी आले, मी फोनच लावणार होते," त्या म्हणाल्या. जानरावांचं लक्ष काउंटरकडे होतं. पाचही हॅमर जागच्या जागी होती. त्यातल्या दुसऱ्याच्या पाठीवर कुंकवाचं बोट.

"धर्मेंद्र, चूक झाली वाटते रे. हे माहं इथंच राह्यलं."

धर्मेंद्रनं कुंकू पाहिलं. त्यानं ते पुसलं असतं तर कदाचित ही गोष्ट इथंच थांबली असती. पण गर्दीत राहून गेलं होतं.

"काकाजी, ते डेमोचं हाय. तुमाले सीलपॅक देलं. नवंकोरं हाय."

"मी ते निवडलं नव्हतं."

"तसंच असते न, काकाजी. गिऱ्हाइकाले तुमी बी पायजे आन सीलपॅक बी पायजे. उघडं मशीन देलं तर म्हनतात, वापरलेलं देलं. म्हनून मी दोनी देतो."

जानरावांना अर्थ लागायला थोडा वेळ गेला. कान चांगला असला तरी काही वाक्यं आत जायला वाट शोधत बसतात.

"कवापासून?"

"पयल्यापासून."

"म्हनजे मी निवडलेलं एकबी मशीन कोनाच्या घरी गेलं नाही?"

धर्मेंद्रला वाटलं इथं सांत्वन करावं. तो मनापासून म्हणाला, "पन तुमी एकदाबी चुकले नाही, काकाजी! मी पाचही कशीबी फिरवून ठेवतो, पुसून ठेवतो, पन तुमचा हात पडते तो यावरच. दोन वर्सं झाली या पीसले. सगळ्यायले चालवून दाखवतो न, म्हनून मोकळं झालं. बाकीची चार तुमी आले तेवाच चालतात. कमाल हाय तुमच्या कानाची!"

प्रतीक्षाताई खाली मान घालून मोबाइल पाहू लागल्या. म्हणजे त्यांनाही माहीत होतं.

जानराव म्हणाले, "पिंटूचं जळलं ते?"

"ते बी सीलपॅकच."

"मी कानाच्या डॉक्टरकडं गेलो, तुले माहीत होतं. इथं येऊन, याच खुर्चीत बसून, मी तुह्यासमोर रडाचाच बाकी राह्यलो होतो."

"तुमचं मन मोडू नये म्हनून बोललो नाही."

"त्याले फोन लाव. सांग, जळलं ते जानरावनं निवडलेलं नव्हतं."

"जुनी गोठ हाय, काकाजी. नवमीचा दिवस हाय."

"लाव."

धर्मेंद्रनं फोन लावला आणि स्पीकरवर टाकून काउंटरवर ठेवला. पलीकडून पिंटूचा उत्साही आवाज आला, "बोला धरमूभाऊ! दसऱ्याले काय सूट हाय?"

धर्मेंद्र अडखळत, घसा साफ करत सांगू लागला. पिंटू मध्येच हसला. "अहो, ते तर मीच तुमाले आत येऊन सांगतलं होतं, डब्बा फोडलेला देऊ नका म्हनून! कानाशी धरलेलं मशीन कोन घेते?"

जानराव फोनवर वाकले. "पिंटू, मी जानराव बोलून राहिलो."

पलीकडचं हसणं थांबलं. मागे कुठेतरी काँक्रीटचं मिक्सर फिरत होतं.

"नमस्कार, काका."

"तुले माहीत होतं. मंग भरल्या पंगतीत मले काहून बोलला?"

"आता कसं सांगू, काका... मशीन जळलं, काम बंद पडलं. सासरे विचारून राहिले होते, पाहून घेतलं नव्हतं का म्हनून. कोनाचं तरी नाव घ्याच लागत होतं. तुमी सोबत होते न." थोडं थांबून तो म्हणाला, "आन तुमी कोनाले उलटून बोलत नाही, हे मले माहीत होतं. राग आला का, काका?"

जानरावांनी फोन बंद करायचं बटन शोधलं, त्यांना सापडलं नाही. धर्मेंद्रनं बंद केला.

जानराव कुंकू लागलेल्या हॅमरजवळ गेले. हात सवयीनं चकल्याकडे गेला. चकला ढिला होता. इतके दिवस ज्याला ते मोकळा आवाज म्हणत आले, त्यात थोडी झीजही होती, हे त्यांच्यासारख्या मिस्त्रीला आता बोटानं सुद्धा कळलं. आजवर कानाला आणि बोटाला का नाही कळलं, हा प्रश्न त्यांनी तिथल्या तिथे गिळून टाकला.

"कोनतं नेता, काकाजी?" धर्मेंद्रनं हळूच विचारलं. "म्हनाल ते. डेमोचं पायजे तर ते न्या. मी काही म्हनत नाही."

एवढ्यात प्रतीक्षाताईंना राहवलं नाही. दिवस सणाचा, आणि त्या मूर्तिजापूरहून मुद्दाम आलेल्या. "काकाजी, आता आलेच आहात तर माझं पण ऐकून द्या ना. स्लॅबमधून पाइप काढायचे आहेत."

"शिडीवर कोन चढते?" जानराव बोलून गेले. मग त्यांनाच ते खटकलं. ते ताईंकडे वळले. "ऐकतो. पन मी हातात देईन तेच न्या लागंल. त्याच डब्ब्यात, तुमच्यासमोर भरून."

प्रतीक्षाताईंनी काउंटरवरच्या मशीनकडे पाहिलं, मग धर्मेंद्रकडे. ताईंचा चेहरा खरोखर ओशाळलेला होता.

"नेईन मी पॅकच, काकाजी. पण तुम्ही ऐका ना एकदा. मनाला बरं वाटतं. आमचे बाबा पण म्हणतात, काकाजींनी कान लावल्याशिवाय आणू नको."

जानरावांनी आपला सीलपॅकचा डबा उचलून काखेत मारला. उद्यापासून गोरक्षण रोडला जुन्या लाद्या काढायचं काम होतं, आणि हॅमरशिवाय त्या निघणार नव्हत्या.

"शिडीवर चढनारा माणूस बारीक असंल तर हलकं घ्या," ते प्रतीक्षाताईंना म्हणाले. "मनगट वाचते त्याचं. बाकी कोनतंबी घ्या, सगळे डब्बे सारखेच हायेत."

ते पायऱ्या उतरले. मागून धर्मेंद्रनं हाक मारली, "काकाजी, चहा तरी!" मग जरा मोठ्यानं, "परवा वरूडवाले येऊन राहिले, तुमालेच विचारून येतात, येता न?"

ऐकू आलं नसेल असं कसं म्हणावं, तो कान होता. पण जानरावांनी पुढच्या रिक्षाला हात केला आणि डबा मांडीवर घेऊन बसले.