पळता येणारा पट्टा

भूकंपाला वर्ष होत आलं होतं. लातुरात जो तो ट्यूशनच्या पोरांसाठी खोल्या बांधत सुटला होता, त्यामुळे वायरमनला जावयाचा मान आला होता. असाच एक जण मला गोलाईतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात भेटला. मी होल्डर घ्यायला गेलो होतो, तो हत्यारांचा कमरपट्टा.

त्यानं पट्टा बांधला, त्यात पकड, टेस्टर, हातोडी कोंबली आणि धूम ठोकली. थेट रस्त्यावर.

"अरे, धरा त्याला!" दुकानदार ओरडला.

तोवर गडी धापा टाकत परत. "न्हाई जमत, शेठ. हातोडी मांडीवर आपटती."

दुसरा पट्टा दाराच्या कडीत अडकला. तिसऱ्यातली पकड गटारात गेली.

दुकानदार भडकला. "वायरिंग करायचंय का शर्यत लावायचीय? चामडं बघ की!"

"चामडं लई मजबूत हाय," चौथा पट्टा बांधून त्यात हत्यारं खोवत तो म्हणाला. "पण भिंत हलली की मला भाईर यायचंय."

"वर्ष झालं त्याला! माणसानं भ्यायचं तरी किती?" दुकानदार खो खो हसला. मीही हसून घेतलं.

तेवढ्यात बाहेरून भरलेला ट्रक गेला आणि फळीवरचे बल्ब किणकिणले.

पुढच्या क्षणी आम्ही तिघंही रस्त्यावर होतो. एका पायात चप्पल घातलेला शेठ काउंटर ओलांडून सगळ्यांच्या पुढं कसा पोचला, देव जाणे.

वायरमननं कंबर चाचपली. हत्यारं जागच्या जागी होती.

"हाच द्या," तो म्हणाला. "तुमाला काय शेठ, पट्ट्याची गरजच न्हाई."