खोल अक्षर

बाबांना 'अ' ओळखता आला नाही.

रविवारची सकाळ होती. भाईंदरच्या खारीतल्या आमच्या खोलीत आई कोलंबी सोलत बसली होती आणि मी बाबांच्या हातात वीतभर लांबीचं, पांढरं, खडूसारखं खरखरीत अक्षर ठेवलं होतं. "ओळखा," मी म्हटलं. त्यांनी ते उलटंपालटं केलं, अंगठ्याने दाबलं, नखाने वाजवून पाहिलं. मग म्हणाले, "नळाचा पार्ट आहे का गं कसला?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. चेष्टेत त्यांचा हात धरणारं आमच्या घरात कुणी नव्हतं. पण नाही, ते खरंच चाचपडत होते. कपाळाला आठी पडली होती, तोंड किंचित उघडं राहिलं होतं. मी 'क' दिला. "कात्री?" म्हणाले. 'ळ' दिला, तो त्यांनी नुसताच मांडीवर ठेवून दिला. या माणसाने पस्तीस वर्षं पाट्या रंगवल्या होत्या. भाईंदर पूर्वेला किराणा, पिठाची गिरणी, दवाखाना, सलून, जिकडे बघाल तिकडे शटरच्या वर त्यांचं अक्षर होतं. शाळेत जाताना मी मैत्रिणींना बोट करून दाखवायचे, हे माझ्या बाबांचं, ते पण माझ्या बाबांचं. त्या माणसाला 'अ' म्हणजे नळाचा पार्ट वाटला होता.

आता ही पांढरी अक्षरं आली कुठून, ते सांगते. दोन हजारचं दशक संपत आलं होतं. डिप्लोमा करून मी भाईंदरच्याच एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये नोकरीला लागले होते. एवढासा गाळा आणि त्यात एक मोठं मशीन, थ्री-डी प्रिंटर. तेव्हा हा शब्द सांगितला की लोक समजायचे मी झेरॉक्सच्या दुकानात आहे. त्या मशीनमध्ये पावडरचा पातळ थर पसरायचा, त्यावर चिकट द्रव सुटायचा, द्रव पडेल तेवढीच पावडर धरायची, मग पुढचा थर. काही तासांनी पेटीतली सुटी पावडर ब्रशने झटकली की आतून वस्तू निघायची. खोट्या दागिन्यांचे नमुने, बाटल्यांची झाकणं, कसली कसली बटणं. मालकांचं काम छापताना पेटीत कोपरे रिकामे राहायचे. मी त्यांना विचारलं, त्या कोपऱ्यांत माझी अक्षरं घालू का? ते म्हणाले, "डाल दे, पण मशीन बिघडलं तर तू जाणे."

आधी ती माझीच हौस होती. कागदावरच्या अक्षराला जाडी दिली की ते वेगळंच वागायला लागतं. त्याला पाठ येते, कड येते, सावली येते. शिरोरेषा जाड केली की खालचं अक्षर तिला लटकल्यासारखं दिसतं, बारीक केली की हातात येताच मोडतं. ण आणि र यांची मी इतकी रूपं काढली की मालक म्हणाले, बाई, तुला शाळा उघडायची आहे का. पण खरं कारण घरात बसलं होतं. बाबांचे डोळे गेले होते. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, फार उशिरा आलात, हे बरीच वर्षं चाललेलं असणार. तेव्हापासून बाबा बोलेनासे झाले. रेडिओ लावायचे आणि ऐकायचे नाहीत. मला एवढंच हवं होतं, की त्यांची अक्षरं त्यांच्या हातात परत द्यावीत आणि त्यांनी पूर्वीसारखं कुणाच्या तरी 'श'ला नावं ठेवावीत.

आणि त्यांनी माझ्या 'अ'ला नळाचा पार्ट म्हटलं.

माझा पारा चढला, हे कबूल करते. धक्का बसला की मला आधी राग येतो. "पस्तीस वर्षं काय रंगवलंत मग?" मी म्हटलं. आईने कोलंबीतून डोकं वर काढून मला डोळे वटारले. बाबा शांत होते. त्यांनी 'अ' पुन्हा उचलला, त्याच्या कडेवरून बोट नेलं, ते घसरलं, पुन्हा नेलं, पुन्हा घसरलं.

"उंच कशाला केलंस?" ते म्हणाले. "खोल कर."

"म्हणजे?"

"म्हणजे खोल. बोट आत जाईल असं. उंचावर बोट टिकत नाही, खाली पडतं."

मी म्हटलं, आंधळ्यांची लिपी उंचच असते, सगळं जग उंचावर वाचतं, तुम्हालाच कसं जमत नाही. असं बोलायला नको होतं. ते म्हणाले, "जग वाचतं. मी लिहितो." आणि रेडिओ लावला.

आठवडाभर मी फुरंगटून होते. पण शनिवारी पेटीत मोठा कोपरा मोकळा दिसला आणि राहवेना. कॉम्प्युटरवर काम पाच मिनिटांचं, एक पाटी घ्यायची आणि तिच्यातून अक्षर वजा करायचं. बोटाच्या रुंदीएवढी खाच ठेवली. 'अ', 'क', 'ळ', 'श' अशा चार पाट्या छापल्या, गोंदात बुडवून घट्ट केल्या आणि रविवारी पुन्हा त्यांच्या पुढ्यात ठेवल्या.

त्यांनी डाव्या हाताचं पहिलं बोट खाचेत टेकवलं. ते बोट वरून खाली गेलं, वळलं, थांबलं, पुन्हा वर येऊन दुसऱ्या वळणावर गेलं. मला शपथ घालून विचारलंत तरी सांगेन, पापणी लवायच्या आत झालं ते.

"अ," ते म्हणाले. "आणि भिकार अ आहे. हा पाय बघ कुठे चाललाय, स्टेशनला?"

आई हसली. मी रडले आणि हसलेही. 'क'ला ते म्हणाले याचं पोट सुटलंय. 'ळ'ची दोन्ही पोटं त्यांनी तीन तीनदा फिरून पाहिली आणि म्हणाले, "ही सवतींसारखी भांडतायत, सारखी कर." 'श'वर बोट ठेवताच ओरडले, "हा हिंदीतला श आहे! आपला श असा असतो का? त्या कॉम्प्युटरला सांग, आमच्याकडे गाठीचा चालतो." वर्षभरात एवढं ते बोलले नव्हते. मी वही काढून लिहून घेऊ लागले. माझ्या डिप्लोमाच्या मास्तरांनी तीन वर्षांत अक्षरांबद्दल जे सांगितलं नाही ते त्यांनी अर्ध्या तासात सांगितलं. ते आकार ओळखतच नव्हते, रस्ता ओळखत होते. ब्रश कुठून निघतो, कुठे वळतो, कुठे उचलायचा. उंच अक्षराला रस्ता नसतो, नुसती भिंत असते.

तेव्हाच मी तो प्रश्न विचारला. सहज विचारला, वहीत मान घालून.

"पण बाबा, खोल असलं की कळेल हे तुम्हाला आधीच कसं ठाऊक?"

त्यांचं बोट 'श'च्या गाठीत तसंच राहिलं.

"असंच," ते म्हणाले.

"असंच कसं?"

"अगं, शेवटची दोन वर्षं तसंच तर केलं."

मला काही कळेना. मी आईकडे पाहिलं, तिलाही कळलं नव्हतं. मग ते हळूहळू सांगायला लागले, दुसऱ्याच कुणाबद्दल सांगावं तसं. सकाळच्या कोवळ्या उन्हात तेव्हा थोडं दिसायचं. पाइपातून बघावं तसं, समोरचं तेवढंच. तेवढ्या वेळात खडूने पाटी आखून घ्यायची. मग खिळा घेऊन पत्र्यावरच्या वाळलेल्या रंगात अक्षर ओरखडून ठेवायचं. ऊन चढलं की सगळं पांढरं व्हायचं. मग डावं बोट ओरखड्यात पुढे आणि उजव्या हातातला ब्रश त्याच्या मागे.

आईने हातातलं भांडं खाली ठेवलं. "म्हणून बोट रंगलेलं असायचं?" ती म्हणाली. ती रोज रात्री रॉकेलच्या बोळ्याने त्यांचं ते बोट घासायची आणि त्यांच्या धांदरटपणावर तोंडसुख घ्यायची. मीही घ्यायचे.

आम्हाला तर त्यांनी सांगितलं होतं की फ्लेक्समुळे काम सोडलं. मला नोकरी लागली आणि पुढच्याच आठवड्यात त्यांनी ब्रश धुऊन डब्यात घातले. "आता कोण हाताने रंगवून घेतं, एका तासात फ्लेक्स छापून मिळतो," म्हणाले, आणि ते इतकं खरं होतं की कुणी दुसरं काही विचारलंच नाही. मी तर फ्लेक्सवाल्यांवर दातओठ खायचे. सिल्व्हर पार्कमधल्या एका छपाईवाल्याशी बाचाबाची केली होती, तुमच्यामुळे माझे बाबा घरी बसले म्हणून. बिचारा नुसता बघत राहिला होता. डॉक्टर 'बरीच वर्षं' म्हणाले तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. आणि त्यांच्या शेवटच्या पाटीच्या वेळी शिडी धरायला खाली मीच उभी होते. दहा-बारा फुटांवर ते बोटाने चाचपत रंगवत होते आणि मी खाली उभी होते.

ती पाटी एका रंगाच्या दुकानाची. बाबा आयुष्यभर जिथून रंगाचे डबे आणायचे, तेच दुकान, घरापासून दहा मिनिटांवर. सोमवारी कामावर जाण्याआधी मी तिथे गेले. दुकानाचे शेठ शटर वर करत होते. मी शिडी मागितली.

"कायको?" त्यांनी विचारलं.

"बाबांची पाटी बघायचीय. जवळून."

ते माझ्याकडे बघत राहिले, मग आतून शिडी घेऊन आले आणि स्वतः धरून उभे राहिले. मी चढले. निळ्यावर पिवळी अक्षरं, 'रंगाचे दुकान'. खालून ती झकास दिसत होती. मी 'र'च्या वळणावर बोट ठेवलं आणि ते रंगाखालच्या ओरखड्यात अलगद बसलं. शेवटपर्यंत बसलं. 'र', 'गा', 'चे', सगळ्यांच्या पोटात तो ओरखडा होता, कुठेही न चुकलेला. मला वाटलं, आता याहून मोठा धक्का बसणार नाही.

आणि तेव्हा मला अनुस्वार दिसला. तो 'र'वर नव्हता. 'गा'च्या डोक्यावर पडला होता. 'रगांचे दुकान'. त्या रस्त्याने मी शेकडो वेळा गेले असेन, पण पाटी ओळखीची होती, म्हणून कधी वाचलीच नाही.

खाली उतरले तर शेठ म्हणाले, "दिसला ना? पहिल्या दिवसापासून तसाच हाय. एक-दो लोग बोले, मी म्हटलं रेहने दो. तेरे पप्पाका हाथ है, मैं कैसे पोछूं? तू पण नको बोलू त्यांना."

दिवसभर गाळ्यात माझ्या हातून एक काम धड झालं नाही. ज्यांनी दुसऱ्यांच्या ऱ्हस्व-दीर्घावरून अख्खी गल्ली हसवली त्यांची शेवटची पाटी चुकलेली होती. सांगायचं नाही असं ठरवून मी संध्याकाळी घरी आले.

बाबा वाटच बघत होते. "गेली होतीस ना?"

"हो."

"बोट बसलं?"

"बसलं. सगळीकडे बसलं, बाबा."

त्यांचा चेहरा असा फुलला की मी दुसरीकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "अक्षरांचं काही वाटत नव्हतं गं. अक्षरं बोटाखाली होती. टिंबाचीच धास्ती. टिंब काय ओरखडणार, ब्रश एकदा दाबायचा आणि उचलायचा. ऊन समोर आलेलं, काही म्हणता काही दिसेना. अंदाजाने दिलं आणि वरूनच तुला विचारलं. आठवतंय? टिंब बरोबर पडलं का गं? तू म्हणालीस, हो, मस्त."

मला आठवलं. एक हात शिडीला होता, दुसऱ्यात मोबाइल. गाळ्याच्या मालकांचा मेसेज आला होता, सोमवारपासून या म्हणून. तो मी चौथ्यांदा वाचत होते.

शेठ काय म्हणाले, मी काय ठरवलं होतं, सगळं गळून पडलं. या माणसाशी मी एकदा न बघता बोलले होते. आता बघून खोटं बोलायचं माझ्याच्याने होईना.

"बाबा, मी वर बघितलंच नव्हतं."

आई आतून दाराशी येऊन उभी राहिली. बाबांनी ते डावं बोट माझ्यापुढे धरलं.

"कुठे पडलंय, दाखव."

मी त्यांचं बोट लादीवर टेकवलं. इथे 'र', म्हटलं. इथे हवं होतं. मग ते बोट उचलून पुढे नेलं, 'गा'च्या वर, आणि टेकवलं.

"एवढं लांब?"

"एवढं."

त्यांनी बोट तिथून उचललं नाही.

"शेवटची तरी बरोबर झाली," ते म्हणाले, "म्हणून थांबलो होतो गं मी."