पिवळा भोंगा

धरणाच्या भिंतीच्या टोकाला काचेची एक खोली होती आणि त्या खोलीत बसणाऱ्या माणसाला सगळे भोंगेकाका म्हणायचे. खरं तर त्यांचं काम धरणाची दारं उघडायचं आणि लावायचं. पण दार उघडलेलं कुणाला ऐकू येत नाही, भोंगा ऐकू येतो. खालच्या कोरड्या पात्रातून ये-जा करणारी माणसं भोंगा कानावर पडला की हातातलं टाकून काठावर यायची. पाणी येणार म्हणजे येणारच, आणि भोंग्याशिवाय येणार नाही म्हणजे नाहीच, एवढा त्यांचा भरवसा होता.

तो भरवसा काकांनी कमावलेला होता. त्या खोलीचा नियम साधा होता. आधी भोंगा. मग खुर्चीवरून उठून खिडकीशी जायचं, या काठापासून त्या काठापर्यंत सगळं पात्र नजरेखालून घालायचं, माणूस नाही, जनावर नाही, अशी खात्री करायची आणि मगच दार. कामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला काका हा नियम इतक्यांदा ऐकवत, की तो बिचारा झोपेतही बडबडत असेल. साहेबांनी एकदा चार लोकांसमोर त्यांची पाठ थोपटली होती. "डोळ्यांत तेल घालून बसणारा माणूस," असं म्हणाले होते. काका लाजले होते. त्याच सुमारास त्यांच्या डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली होती, हे साहेबांना कुठून कळणार?

आजार मोठा विचित्र होता. कडेचं सगळं दिसायचं, मधलं तेवढं नाहीसं व्हायचं. ज्याच्याकडे बघावं तेच गायब. समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं की कान दिसायचे, खांदे दिसायचे आणि चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "मधला पडदा झिजलाय. चष्म्यानं काही होणार नाही. पाळत ठेवायचं काम असेल तर आधी ते सोडा." काका मान डोलावून बाहेर पडले आणि ही गोष्ट त्यांनी पोटात ठेवली ती ठेवलीच. राहायची जागा नोकरीबरोबर मिळालेली होती. नवऱ्याचं घर सोडून आलेली लेक त्यांच्याजवळ राहत होती, तिला दुसरं छप्पर नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, भोंगा गेल्यावर आपण नुसते काका उरू, ही भीतीही होतीच. माणूस पोटासाठी लपवतो हे खरं, पण तोऱ्यासाठीही लपवतो.

त्यातून त्यांनी वाट काढली. पूर्वी या खोलीत पितळी मुठींचा मोठा फळा होता. तो असता तर काकांनी डोळे बांधून धरण चालवलं असतं. पण तो काढून तिथं कॉम्प्युटर बसवला होता. तोही आता म्हातारा झाला होता. दारांचा प्रोग्रॅम दुसऱ्या कुठल्या मशीनवर चालत नाही, म्हणून त्याला कुणी हलवत नव्हतं. जुन्या फळ्यातलं एकच बटण भिंतीवर उरलं होतं. बशीएवढं, लाल, सगळं जागच्या जागी थांबवणारं. बाकी कारभार स्क्रीनवरच्या चित्रांवर. दाराचं चित्र निळं, पाण्याच्या पातळीचं हिरवं, दिव्यांचं पांढरं आणि भोंग्याचं पिवळं. प्रत्येकाखाली नाव लिहिलेलं असायचं, पण नावं वाचणं काकांनी कधीच सोडलं होतं. मान थोडी तिरकी करायची, डोळ्याच्या कोपऱ्यातून पिवळं पकडायचं आणि बाण तिथं न्यायचा. जमायचं. खिडकीशी मात्र ते नुसते उभे राहायचे. खालचं पात्र त्यांना उन्हात पसरलेल्या करड्या चादरीसारखं दिसायचं, त्यात कोण आहे नि कोण नाही हे देवालाच ठाऊक. नियम पाळल्यासारखा दिसे, एवढंच.

लेक रोज दुपारी त्याच पात्रातून डबा घेऊन यायची. पुलावरून वळसा लांबचा पडायचा. पात्राच्या मध्यावर आली की ती वर काचेकडे बघून हात करायची आणि वरून काका हात करायचे. कुणी म्हणालंच की बाई, धरणाच्या तोंडातून कसली जातेस, तर ती हसायची. "वर माझे बाबा बसलेत," म्हणायची.

एकदा तिनं डबा उघडता उघडता थट्टा केली, "बाबा, आज मी काठावरून उतरलेही नव्हते, त्याआधीच तुम्ही हात करून मोकळे! कुणाला करत होतात? कुणी मैत्रीण आहे वाटतं खाली?"

"आहे की. तुला सांगून करू का?" काका म्हणाले. लेक खळखळून हसली. काका बोटांनी डब्यातली भाकरी चाचपू लागले.

मग एके दिवशी सकाळी ते कामावर आले, खुर्चीत बसले आणि त्यांनी मान तिरकी केली. पिवळं नव्हतं. निळं नव्हतं, हिरवं नव्हतं. सगळी पांढरी चौकोनी ठिगळं. त्यांनी डोळे चोळले, पाणी मारलं, या कोपऱ्यातून बघितलं, त्या कोपऱ्यातून बघितलं. संपलं, ते मनाशी म्हणाले. आता रंगही गेले.

रात्रपाळीचा माणूस अजून डबा आवरत होता. बुटका म्हणायचे त्याला, उंची ताडमाड होती म्हणून. जाता जाता त्यानं स्क्रीनकडे नजर टाकली आणि ओरडला, "अरेच्चा! चित्रं कुठं गेली? सगळंच पांढरंफटक!"

"तुलाही पांढरंच दिसतंय?" काकांनी विचारलं.

"मग काय मला एकट्याला हिरवं दिसणार? मशीन बिघडलंय, काका."

काकांना इतका आनंद झाला की त्यांनी मांडीवर थाप मारली. बुटका बघतच राहिला. मशीन बिघडल्यावर नाचणारा माणूस त्यानं पहिल्यांदाच पाहिला होता. हा आनंद वाईट होता. त्या आनंदात काकांना वाटून गेलं की आपले डोळे तसे बरेच आहेत.

दुरुस्तीवाल्या बाई आल्या. खांद्याला पिशवी, तोंडाचा पट्टा चालू. आधी त्यांनी मशीन बंद करून चालू केलं. ठिगळं तशीच. मागची वायर काढून, फुंकर मारून परत बसवली. काही नाही. रंगांची सेटिंग उघडून पाहिली, ती जिथल्या तिथं होती.

"हं, म्हणजे पेटी सडली," त्या म्हणाल्या.

"कसली पेटी?"

"काका, हा दरवेळी चित्रं नव्यानं काढत बसत नाही. एकदा काढतो आणि नकला करून एका फाइलीत भरून ठेवतो. त्या फाइलीत गोंधळ झाला की इथं पांढरं दिसतं. ती फाइल पुसून टाकायची. मग झक मारत नव्या नकला काढतो."

त्यांनी ती फाइल पुसली, मशीन परत चालू केलं आणि एकेक करून रंग आले. हिरवा, निळा, शेवटी पिवळा. काकांचा जीव भांड्यात पडला.

पण बाई पिशवी आवरेनात. मशीनच्या पेटाऱ्याला कान लावून त्या बसल्या. आतून बारीक कट्‌कट आवाज येत होता.

"डिस्क म्हातारी झालीय. मी वर कळवते, पण नवी कधी देतील सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "आणि नीट ऐका. हा गोंधळ परत होणार. नुसतं पांढरं झालं तर ठीक, कळतं तरी. कधी कधी नकला एकमेकींत मिसळतात. याचं चित्र त्याच्या डोक्यावर जाऊन बसतं. तेव्हा चित्रावर जाऊ नका, खालचं नाव वाचा. नाव कधी चुकत नाही."

"वाचेन की," काका म्हणाले.

"वीज जाऊन आली तर पहिल्यांदा नावं बघायची. शंका आली तर हात लावायचा नाही, मला फोन करायचा." मग त्या थांबल्या. "काका, तुम्ही माझ्या कानाकडे बघून का बोलताय?"

"कानात छान घातलंय काहीतरी, म्हणून," काका म्हणाले.

बाईंच्या कानात काही नव्हतं. त्यांनी कानाला हात लावून पाहिला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. दुसरीकडे कुठं तरी प्रिंटर अडला होता. त्या गेल्या.

त्यानंतर काकांना ती कट्‌कट रोज ऐकू येऊ लागली. आधीही येत असणार, पण आता कान तिथंच लागायचे. खरं तर बुटक्याला विश्वासात घ्यायला काय हरकत होती? "बाबा रे, जाताना मला नावं वाचून दाखवत जा," एवढं एक वाक्य. ते वाक्य त्यांच्या ओठांवर यायचं आणि तिथंच विरायचं. आज नको, उद्या बोलू, असं चाललं होतं.

उन्हाळ्यातली ती दुपार. खाली चौकीदाराच्या रेडिओवर रोजच्या बातम्या चालू होत्या आणि मध्येच रेडिओ गप्प झाला. वर पंखा थांबला. वीज गेली. थोड्या वेळानं आली, पंखा फिरू लागला, मशीननं घरघर केली आणि स्क्रीन उजळला. काकांनी मान तिरकी केली. रंग होते! सगळे होते. पिवळं नेहमीच्या जागी नव्हतं, जरा खाली सरकलं होतं, पण वीज जाऊन आली की चित्रं इकडची तिकडे होतात हे त्यांनी पूर्वी पाहिलं होतं. बाईंचं बोलणं आठवलं. नावं बघायची. त्यांनी चेहरा स्क्रीनला चिकटवला. अक्षरांच्या जागी राखाडी डाग. फोन उचलून बाईंना विचारावं, असं मनात आलं. विचारणार काय? नावं वाचून दाखवा असं फोनवर सांगणार?

तेवढ्यात फोनच वाजला. साहेब होते.

"वरच्या धरणातून पाणी सोडलंय. दोन दारं उघडा. लवकर."

"हो साहेब. आधी भोंगा देतो," काका म्हणाले.

खाली रेडिओवर बातम्या संपून गाणं लागलं होतं. लेकीची यायची वेळ. भोंगा ऐकून काठावरच थांबेल, काकांनी मनात म्हटलं आणि बाण पिवळ्यावर नेला. नेहमीप्रमाणे एक चौकट उघडली. नक्की का, असं प्रत्येक वेळी विचारणारी. त्यांनी न वाचता हो केलं आणि भोंग्याची वाट पाहिली.

भोंगा वाजला नाही.

गाणं ऐकू येत होतं. पंखा ऐकू येत होता. मग पायांखालची फरशी थरथरू लागली. तो थरथराट काकांनी झोपेतही ओळखला असता. दारांच्या साखळ्या ओढल्या जात होत्या.

ते उठले ते खुर्ची पाडूनच. खिडकीशी गेले. खाली करडी चादर. जिथं बघावं तिथं डाग. डाव्या काठाला बघितलं, काठ गेला. मध्यावर बघितलं, मध्य गेला. ती असेल तर नेमकी त्या डागाखाली असेल. "मागे जा!" ते ओरडले. जाड काचेतून आवाज जाणार कुठं? त्यांनी दोन्ही हात वर करून हलवले, जिवाच्या आकांतानं हलवले. मग भान आलं. भिंत चाचपत ते लाल बटणापर्यंत गेले आणि त्यावर त्यांनी मूठ आपटली. थरथराट थांबला. पण पाण्याचा आवाज खालून सुरू झालेला होता, आणि सुटलेलं पाणी बटणानं मागे येत नाही.

खिडकीशी परत जायचं त्यांना धाडस होईना. जाऊनही काय दिसणार होतं? ते बटणाला पाठ लावून उभे राहिले. खाली चौकीदार कुणाला तरी हाका मारत होता.

बऱ्याच वेळानं जिन्यावर पावलं वाजली. ओल्या चपलांची. दार उघडलं. कंबरेपर्यंत भिजलेली लेक उंबऱ्यात उभी होती, धापा टाकत. हातात डबा नव्हता.

"आलीस," काका म्हणाले. बटण सोडून ते एक पाऊल पुढे आले.

ती पुढे आली नाही.

"भोंगा का नाही दिलात?" तिनं विचारलं. "मी मध्यावर होते, बाबा. मी हात केला, तुम्हीही केलात. दोन्ही हातांनी केलात. मला वाटलं आज स्वारी खुशीत आहे. मी हसले. आणि तेवढ्यात पाणी आलं." तिनं काचेतून खाली बोट दाखवलं. "मला बघून दार उघडलंत? मी खाली दिसत असताना?"

"पिवळ्याखाली काय लिहिलंय?" काकांनी विचारलं.

"काय?"

"स्क्रीनवर. पिवळ्याखाली काय लिहिलंय, वाच."

तिनं मान वळवली. "दार क्रमांक एक आणि दोन," तिनं वाचलं. "भोंगा निळ्याखाली आहे. एवढं मोठं लिहिलंय बाबा, तुम्हाला..." आणि ती थांबली. मग ती त्यांच्या अगदी जवळ आली. काकांना तिचे विस्कटलेले केस दिसले, खांदे दिसले.

"मला तू दिसली नव्हतीस," ते म्हणाले. "आज नाही, काल नाही. गेला उन्हाळाही नाही. इतक्या जवळूनही तुझं तोंड दिसत नाही गं मला."

"मग रोज हात कुणाला करत होतात?"

"बातम्या संपल्या की करायचो," काका म्हणाले.

 टेबलावरचा फोन वाजायला लागला. काकांनी चाचपून रिसीव्हर उचलला. साहेब विचारत होते, दारं मध्येच का थांबली, मशीन पुन्हा बिघडलं का.

"मशीनमध्ये चित्रं मिसळलीत, ते बाई नीट करतील," काका म्हणाले. "पण साहेब, नावं बरोबर होती. मला वाचता येत नाहीत. वर्ष झालं, मला दिसत नाही. इथं दुसरा माणूस पाठवा. आणि तो येईपर्यंत दाराला कुणी हात लावणार नाही, मीसुद्धा."